बरडावरची एकसारखी रानफुलं: चिकणा, शंखपुष्पी, तरोटा, उन्हाळी नेमकी कशावरून ओळखायची?

लळिंग_कुरण

नमस्कार मंडळी. धुळ्याजवळच्या लळिंग परिसरातल्या टेकड्या, कुरण आणि खालची मुरमाड बरड जमीन इथल्या पावसाळी रानफुलांची नोंदवही शाळेच्या निसर्ग मंडळासाठी तयार करतेय. मुलं फोटो आणतात, ॲपला विचारतात आणि एकाच झुडपाला ॲप आज एक नाव देतं, उद्या दुसरं. गावातल्या नावांनी गुंता आणखी वाढतो. चिकणा म्हणून निदान चार वेगळी झुडपं दाखवतात. गोखरू विचारावं तर कुणी जमिनीवर पसरलेला सराटा दाखवतो, कुणी शेळीच्या अंगाला चिकटणारं ते उंच तण.

अडलंय ते असं:

१. चिकणा. पाच पाकळ्यांची लहान पिवळी फुलं, दातेरी पानं. सगळे फोटो सारखेच दिसतात.
२. शंखपुष्पी. एक निळी, एक फिकट गुलाबी-पांढरी. नाव दोन्हींना एकच.
३. तरोटा. ॲप कधी सेन्ना टोरा सांगतं, कधी सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया, कधी सेन्ना युनिफ्लोरा.
४. उन्हाळी आणि तिच्यासारखीच जांभळट-गुलाबी फुलांची बारीक पानांची झुडपं.
५. छोटा कल्पा. खाली मान घातलेली निळसर फुलं. जात एक आहे की दोन?

हाताशी फोन, दहापट भिंग आणि स्टीलची पट्टी एवढंच आहे. आठवी-नववीच्या मुलांना शेतात उभं राहून तपासता येईल अशी खात्रीची खूण हवी.

पांझराकाठ

ताई, ॲपचा दोष कमी आणि फोटोचा जास्त. फूल समोरून सुंदर दिसतं म्हणून सगळे समोरूनच फोटो काढतात. चिकण्याच्या जातींमध्ये समोरून पाहण्यासारखा फरकच नाही. पाच फिक्या पिवळ्या पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी, सगळ्यांचं तेच. ओळख पाकळ्यांच्या मागे, पानाच्या बुडाशी आणि फळात असते.

म्हणून आधी फोटोची शिस्त लावा. प्रत्येक झाडाचे सहा फोटो: पूर्ण झाड (पसरलेलं की उभं ते कळेल असं), फूल समोरून, फूल मागून, पानाच्या दोन्ही बाजू, पान खोडाला जुळतं तो सांधा अगदी जवळून आणि पिकलेलं फळ कागदावर फोडून शेजारी पट्टी ठेवून. बारीक फुलांच्या वेळी फोनचा फोकस मागच्या गवतावर जातो, त्यासाठी फुलामागे तळहात किंवा काळा कागद धरायचा. भिंग वापरताना मुलं ते फुलाजवळ धरून लांबून बघतात, मग काहीच दिसत नाही. भिंग डोळ्याला टेकवा आणि फूल भिंगाकडे आणा.

आता चिकणा. हे क्रमानेच तपासा, उडी मारू नका.

पहिली चाळण: पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीच्या, म्हणजे निदलपुंजाच्या, बाहेर आणखी तीन अरुंद हिरवी पानं चिकटलेली आहेत का? असतील तर तो चिकणा नाहीच. ते माल्वास्ट्रम कोरोमांडेलिएनम, मूळचं अमेरिकेतलं तण. गावठाणाच्या कडेला, भिंतीलगत, रस्त्याकडेला भरपूर असतं. चिकण्याच्या कुठल्याही जातीला ही जादा तीन पानं नसतात. तुमच्या ‘चिकण्या’तला एखादा तरी इथेच गळेल.

दुसरी चाळण: पेटारी, म्हणजे अब्युटिलॉन इंडिकम. हिलाही बाहेरची तीन पानं नसतात, म्हणून पहिल्या चाळणीतून निसटते. पण फूल मोठं, साधारण अडीच सेंटिमीटरचं, आणि फळ दातेरी चाकासारखं, १५ ते २० किंवा जास्त खापांचं (खाप म्हणजे फळाचा सुटा होणारा भाग). एका खापेत एकाहून जास्त बिया निघतात. चिकण्याच्या खापेत बी एकच. आणखी एक उपयोगाची गोष्ट: पेटारीची फुलं दुपारनंतर उमलतात, चिकण्याची सकाळी उमलून दुपारी मिटायला लागतात. सकाळच्याच फेऱ्या केल्या तर पेटारी ‘फूल नाही’ म्हणून नोंदीत येते. पिवळ्या फुलाच्या मध्यभागी गडद जांभळट डाग आणि खोडावर लांब, चिकट केस असतील तर ती पेटारीची दुसरी जात, अब्युटिलॉन हिर्टम.

उरले खरे चिकणे. इथे खापा मोजाव्या लागतात, दुसरा इलाज नाही. वाळून तपकिरी झालेलं फळ घ्या, निदलपुंज सुईने बाजूला करा, पांढऱ्या कागदावर फळ दाबा. खापा आपोआप सुट्या होतात. एका फळावर थांबू नका, एका झाडाची तीन-चार फळं मोजा, कारण एखादी खाप किडीने खाल्लेली किंवा न भरलेली असते आणि संख्या चुकते.

सिडा कॉर्डिफोलिया, हीच आयुर्वेदातली बला. पानं हृदयाकृती, हाताला मखमल लागावी अशी लव. खापा साधारण १०, प्रत्येकीवर दोन लांब कुसं, आणि ती कुसं निदलपुंजाच्या वर डोकावतात. कुसांवरचे केस उलटे, खाली वळलेले असतात. भिंगातून स्पष्ट दिसतात.

सिडा कॉर्डाटा, म्हणजे भुईचिकणा. पानं हीदेखील हृदयाकृती, म्हणून बलेशी गल्लत होते. पण हा जमिनीवर सरपटतो, फुलाचा देठ दोऱ्यासारखा बारीक आणि लांब, खापा ५, आणि त्यांना कुसं नाहीत.

सिडा स्पायनोसा. उभी, खापा ५ च, पण प्रत्येकीला दोन टोकं. पानाच्या देठाच्या बुडाशी खोडावर बारीकसं टेंगूळ किंवा बोथट काटा असतो. बोट फिरवून पाहा, नजरेआधी बोटाला लागतो.

सिडा ॲक्युटा. पानं भाल्यासारखी, फांदीच्या दोन बाजूंना ओळीत. खापा बहुधा ६ ते ८. खरी खूण उपपर्णांत, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी दोन बाजूंना असणाऱ्या चिमुकल्या पानांत: एकाच सांध्यावर एक उपपर्ण दोऱ्यासारखं आणि दुसरं रुंद, शिरा दिसणारं. एकदा ओळखता आलं की फळाचीही गरज पडत नाही.

सिडा ऱ्हॉम्बिफोलिया. पान शंकरपाळ्याच्या आकाराचं, बुडाकडच्या निमुळत्या भागाला दाते नाहीत, पानाची मागची बाजू करडी. खापा ८ ते १० किंवा थोड्या जास्त. दोन्ही उपपर्णं सारखी.

पानाच्या आकारावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. बरडावर पाण्याने ताणलेलं झुडूप आणि नाल्याकाठचं तेच झुडूप यांची पानं दुप्पट-तिप्पट फरकाची असतात. खापा आणि उपपर्णं अशी बदलत नाहीत.

वनौषधी_चोपडा

शंखपुष्पीचं सांगतो. इथे गोंधळ वैद्यकातून आलेला आहे, त्यामुळे नोंदवहीत जपून लिहा.

निळी म्हणजे इव्हॉल्व्हुलस अल्सिनॉइडिस, विष्णुक्रांता. फूल जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर, पसरट बशीसारखं, पानाहून लांब अशा बारीक देठावर. गुलाबी-पांढरी म्हणजे कॉन्व्हॉल्व्हुलस प्रोस्ट्रेटस; जुन्या लिखाणात तीच कॉन्व्हॉल्व्हुलस प्लुरिकॉलिस किंवा मायक्रोफायलस या नावांनी सापडेल. फूल दुप्पट मोठं आणि नरसाळ्याच्या आकाराचं. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात शंखपुष्पी म्हणून हीच धरली आहे. पण महाराष्ट्रात निळीलाही सर्रास तेच नाव आहे, आणि केरळात तर गोकर्णीला शंखपुष्पी म्हणतात.

रंगावर जाऊ नका. विष्णुक्रांतेची फुलं कधी अगदी फिकट, जवळजवळ पांढरी मिळतात आणि उन्हात विटतात. पक्की खूण फुलाच्या पोटात आहे. एक फूल बोटाने फाडून भिंगाखाली धरा. विष्णुक्रांतेत अंडाशयावर दोन कुक्षिवृंत (अंडाशयातून वर येणाऱ्या बारीक दांड्या) असतात आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, म्हणजे वर चार बारीक धागे मोजता येतात. कॉन्व्हॉल्व्हुलसमध्ये कुक्षिवृंत एकच, टोकाला दोन फाटे. चार धागे की दोन, एवढ्यावर निकाल लागतो आणि मुलांना हे फार पटकन जमतं.

फूल सकाळी ११ च्या आत बघा. ऊन चढलं की विष्णुक्रांता मिटते आणि मिटलेलं फूल सोडवताना धागे तुटतात. मग तीन मोजले जातात आणि वाद सुरू होतात.

आणखी दोन नातलग यात घुसतात. कापसाच्या किंवा हरभऱ्याच्या काळ्या रानात वेल चढवणारी, बाणाच्या टोकासारख्या पानाची, मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलाची ती चांदवेल, कॉन्व्हॉल्व्हुलस आर्व्हेन्सिस. तिच्याही धाग्यांची संख्या दोन, पण शंखपुष्पी वेल चढवत नाही, जाड काष्ठमय मुळातून चहूकडे जमिनीसरशी पसरते. आणि हिरवळीत, नळाच्या आसपास, सांध्यासांध्याला मुळं धरणारी, गोल नाण्यासारख्या पानांची पांढऱ्या फुलांची ती इव्हॉल्व्हुलस नुम्युलारियस, परदेशी. ही कोरड्या माळावर नसते, बागेतून रोपांबरोबर येते.

नोंदवहीत ‘शंखपुष्पी’ हे नाव जातीच्या रकान्यात टाकू नका. ‘लोक काय म्हणतात’ असा वेगळा रकाना करा आणि तिथे लिहा. फोटोवरून ओळखलेली वनस्पती घरच्या औषधात वापरायची नाही, हेही त्याच पानावर मोठ्या अक्षरात.

गोखरूलाही हाच न्याय. जमिनीवर पसरलेला, संयुक्त पानांचा, पाच पिवळ्या पाकळ्यांचा सराटा म्हणजे ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. समोरासमोरच्या दोन पानांत एक ठळकपणे लहान असतं आणि फळाच्या काटेरी पाच खापा होतात, प्रत्येकीवर दोन मोठे, दोन लहान काटे. शेळीला चिकटणारं उंच तण म्हणजे झँथियम, सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याच्या फळावर सगळीकडे आकड्यासारखे वळलेले काटे. दुकानात ‘मोठं गोखरू’ मिळतं ते तिसरंच, पेडालियम म्युरेक्स. त्याची ओली फांदी पाण्यात चार-सहा वेळा फिरवली की पाणी अंड्याच्या बलकाबाहेरच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. तिघांत नातं काहीच नाही.

लळिंग_कुरण

मनापासून आभार. चाळण्या लावून पाहिल्या. एक झुडूप पहिल्याच चाळणीत गळलं, शाळेच्या कुंपणालगतचं होतं. उरलेल्या तीन नमुन्यांच्या नोंदी:

नमुना अ: जमिनीवर पसरलेला, देठ लांब आणि बारीक, खापा ५, टोकं नाहीत.
नमुना ब: गुडघ्याएवढा, उभा. खापा ५, प्रत्येकीला दोन टोकं. टेंगूळ काही पानांखाली आहे, काहींखाली नाही.
नमुना क: मऊ लव, हृदयाकृती पान. खापा एका फळात १०, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ७. कुसं लांब.

ब बद्दल शंका आहे आणि क मधल्या आकड्यांनी गोंधळले आहे.

पांझराकाठ

अ भुईचिकणा, त्यात वाद नाही.

ब सिडा स्पायनोसाच. टेंगूळ सगळ्या सांध्यांवर सारखं नसतं. जुन्या, खालच्या सांध्यांवर बघा, तिथे ठळक असतं. कोवळ्या शेंड्यावर शोधाल तर हुकेल. पाच खापा, त्यांना टोकं आणि झुडूप उभं, हे तिन्ही एकत्र आले की तेवढ्यावर नाव लिहायला हरकत नाही.

क मध्ये ७ ते १० हा पल्ला बलेच्या बाबतीत चालतो. संख्येपेक्षा कुसं बघा: निदलपुंजाबाहेर आलेली आणि उलट्या केसांची असतील तर ती बलाच. निदलपुंजावर दहा उभ्या कडा आहेत का तेही मोजून ठेवा, नोंद भक्कम होईल.

बोरीकाठ

तरोटा माझ्याकडे. ही मंडळी पानाच्या दांड्यावरच्या ग्रंथीवरून ओळखायची. पर्णिकांच्या (संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या) जोडीमध्ये, दांड्याच्या वरच्या बाजूला, मोहरीहून बारीक नारिंगी-तपकिरी दाणा किंवा उभी काडी दिसते तीच ग्रंथी. ती कुठे आहे आणि किती आहेत एवढंच बघायचं.

ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, एकच: कासविंदा, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. पर्णिका टोकदार, ४ ते ६ जोड्या, चुरडल्यावर उग्र घाण वास. शेंग चपटी, कडा फिकट. सेन्ना सोफेराची ग्रंथीही तिथेच, पण पर्णिका जास्त जोड्यांच्या आणि अरुंद, शेंग फुगीर.

ग्रंथी पर्णिकांच्या प्रत्येक जोडीत: मग दोन शक्यता. झुडूप काष्ठमय, पर्णिका ८ ते १२ जोड्या, फुलं मोठी सोनेरी आणि पानाच्या बुडाशी मूत्रपिंडाच्या आकाराची मोठी पानासारखी उपपर्णं असतील तर तो तरवड, सेन्ना ऑरिक्युलाटा. उपपर्णं टिकून राहतात, त्यामुळे फूल नसतानाही ओळख होते. आपल्या बरडाचं खरं देशी झुडूप हेच. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून चराईच्या माळावर तेच उभं राहतं. आणि झाड लहान, अंगभर तपकिरी-सोनेरी केस, पर्णिका २ ते ५ जोड्या, शेंगा बोटाच्या दोन पेरांएवढ्या, उभ्या आणि बियांमध्ये आवळलेल्या असतील तर ते सेन्ना युनिफ्लोरा. अमेरिकेतून आलेलं. रस्त्याकडेला एकाच वेळी शेकडो रोपं दाटीने उगवतात आणि खाली दुसरं काही येऊ देत नाहीत. नोंदवहीत देशी-परदेशी असा रकाना ठेवा, ताई. बरडावरचा पिवळा बहर बघून सगळंच आपलं वाटतं आणि पिवळा धोत्राही यादीत देशी म्हणून जाऊन बसतो, तोही मेक्सिकोकडचा.

आता तीन जोड्या पर्णिकांचा, पावसाबरोबर उगवणारा खरा तरोटा. सेन्ना टोरात खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक ग्रंथी, म्हणजे दोन. सेन्ना ऑब्ट्युसिफोलियात फक्त सगळ्यात खालच्या जोडीत, म्हणजे एक. जुन्या याद्यांमध्ये दोन्हींना मिळून कॅसिया टोरा म्हटलेलं असतं, त्यामुळे जुन्या नोंदी पाहून ‘इथे टोराच आहे’ असं ठरवू नका.

गिरणाकाठ

बोरीकाठभाऊंच्या ग्रंथीच्या खुणेला माझी अर्धीच संमती. टोरा आणि ऑब्ट्युसिफोलियासाठी एका पानाची ग्रंथी पाहून नाव दिलं जातं आणि तिथेच याद्या बिघडतात. शेंड्याची कोवळी पानं, किडीने चावलेली पानं, सुकायला लागलेली पानं यांवर मोजणी फसते. एका झाडाची निदान दहा पूर्ण वाढलेली पानं बघा.

त्याहून पक्क्या खुणा दोन. शेंगेचा देठ मोजा, म्हणजे फांदीपासून शेंगेच्या बुडापर्यंतचा भाग. टोरात तो सेंटिमीटरभर किंवा त्याच्या आसपास, ऑब्ट्युसिफोलियात दीड ते तीन सेंटिमीटर. दुसरी खूण बी. बीच्या दोन्ही बाजूंना फिकट रंगाचा पट्टा असतो. टोरात तो रुंद, दीड ते दोन मिलिमीटर. ऑब्ट्युसिफोलियात अगदी रेघ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. पट्टी आणि भिंग असलं की काम होतं.

वासावरून ठरवायला सांगणारे भेटतील. प्रत्येकाचं नाक वेगळं, नोंदीत ते टिकत नाही.

बोरीकाठ

मान्य. ग्रंथी पहिली चाळण म्हणून ठेवा, नाव बी बघून.

गिरणाकाठ

उन्हाळीचंही लिहून टाकतो. उन्हाळी म्हणजे टेफ्रोसिया पर्प्युरिया. तिची परीक्षा हाताने होते. एक पर्णिका घ्या, टोक चिमटीत धरून हळूच ओढा. उन्हाळीची पर्णिका तिरप्या शिरांच्या बाजूने तुटते आणि तुकड्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार खाच पडते. आडवी, वेडीवाकडी फाटली तर ती उन्हाळी नव्हे. ताजंच पान हवं, वाळक्यावर हे होत नाही.

नीळवर्गातली, म्हणजे इंडिगोफेराची, झुडपं फुलांनी फसवतात, पण त्यांचे केस फसवत नाहीत. भिंगातून पानाच्या मागे पाहा: प्रत्येक केस मधोमध चिकटलेला, दोन्ही टोकं मोकळी आणि पानाला लपेटून बसलेली. उन्हाळीचे केस एका टोकाला चिकटलेले असतात, नेहमीसारखे. तिरप्या उन्हात भिंग धरलं तर लगेच कळतं, ढगाळ दिवशी कठीण.

आपल्या भागात जमिनीलगत हमखास भेटणाऱ्या तीन नीळजाती पटकन अशा: पान साधं आणि गवतासारखं अरुंद, फळ गोल, रुपेरी, एका बीचं, ती इंडिगोफेरा लिनिफोलिया. पान साधं पण हृदयाकृती ती इंडिगोफेरा कॉर्डिफोलिया. पान संयुक्त, पर्णिका एकाआड एक, अंग जमिनीला चिकटून, ती इंडिगोफेरा लिनीआय. काळ्या रानातला बरबडा, इंडिगोफेरा ग्लँडुलोसा, तीन पर्णिकांचा असतो आणि पर्णिकेच्या मागे बारीक ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात.

उन्हाळीतही एक जोडी आहे. शेंग पांढऱ्या लोकरीसारख्या केसांनी झाकलेली आणि सगळं झुडूप रुपेरी-पांढरट असेल तर टेफ्रोसिया व्हिलोसा. पर्प्युरियाची शेंग किंचित वाकडी, बारीक आखूड लवेची.

सातपुडा_पायथा

छोटा कल्पा राहिला. जाती दोन आहेत आणि दोन्ही खानदेशात मिळतात. फूल दोन्हींचं खाली झुकलेलं, निळसर ते फिकट गुलाबी, मध्ये परागकोशांचा पिळलेला शंकू. अंगावरचे केस खरखरीत, त्यांच्या बुडाशी पांढरे फोड. त्यामुळे फुलावर वेळ घालवू नका.

फूल उलटं करून निदलपुंज बघा. प्रत्येक निदलाच्या बुडाला दोन टोकदार शेपट्या खाली आल्या असतील, भाल्याच्या पात्याच्या मागच्या टोकांसारख्या, तर ट्रायकोडेस्मा इंडिकम. बुड गोलसर, बिनशेपट्यांचं असेल तर ट्रायकोडेस्मा झेलॅनिकम. ताडून बघायला पान आहेच: इंडिकमचं वरचं पान बिनदेठाचं आणि बुडाने खोडाला कवटाळणारं, झेलॅनिकमचं बुडाकडे निमुळतं, खोडाला न कवटाळणारं. झेलॅनिकम कमरेपर्यंतही उंच जातं, इंडिकम बहुधा ठेंगणं आणि फांद्या पसरणारं. फळ धरल्यावर निदलं वाढतात आणि शेपट्या आणखी ठळक होतात, म्हणून फुलं संपलेल्या फांदीवरही ओळख जमते.

आता एक काळजीची गोष्ट. अशा मुरमाड माळावर, काटेरी झुडपांच्या आधाराने खरपुडी चढलेली असते. सेरोपेजिया बल्बोसा, कंदिलासारखं फूल. ती दिसली तर तिच्या पानांवरून दोन जाती करू नका. तिचं पान कधी गोल-जाडसर असतं, कधी बोटभर लांब आणि काडीसारखं अरुंद. अरुंद पानाच्या रूपाला व्हरायटी लुशाय म्हणतात, जात एकच. फूल नसेल तर ‘सेरोपेजिया, जात अनिश्चित’ एवढंच लिहा.

आणि तिची जागा नोंदवहीत नेमकी लिहू नका. कंद खाण्यासाठी खणला जातो आणि कंद गेला की वेल संपला. फोटो काढण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर जागा अस्पष्ट करण्याचा पर्याय निवडा. गावाचं नाव, टेकडीचं नाव, पाठीमागची ओळखीची खडकाची भिंत, यांपैकी काहीच फोटोत नको. मुलांना दाखवायची असेल तर लांबून दाखवा, बुडाशी पायवाट पडू देऊ नका.

यावल, अनेर धरण किंवा गौताळ्याकडे सहल नेलीत तर अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय फांदीसुद्धा तोडायची नाही. तिथे फक्त फोटो. खापा आणि बिया मोजण्याचं काम गावच्या बांधावर आणि रस्त्याकडेला करा, तिथे साधी झुडपं भरपूर आहेत.

एक सूचना: कासच्या पठाराच्या माहितीपत्रकांशी फुलं जुळवू नका. तिथला पाऊस आणि तिथला कातळ वेगळा, आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. सारखं दिसलं म्हणून तिथलं नाव इथे डकवलं की ते वर्षानुवर्षं याद्यांमधून फिरत राहतं.

लळिंग_कुरण

कल्प्याची खूण आजच्या फोटोंवरच लागू पडली: निदलांना शेपट्या आहेत, पान खोडाला कवटाळलेलं. इंडिकम लिहिलं.

तरोट्याबद्दल शेवटचं विचारते. शेंगा अजून हिरव्या आहेत. देठ एका झाडावर आठ-नऊ मिलिमीटर, दुसऱ्यावर जवळपास दोन सेंटिमीटर. ग्रंथी अनुक्रमे दोन आणि एक. आत्ताच दोन नावं लिहू का?

गिरणाकाठ

दोन्ही झाडांच्या फांदीला रंगीत दोरा बांधा आणि वहीत पेन्सिलीने लिहा: संभाव्य टोरा, संभाव्य ऑब्ट्युसिफोलिया. कोवळी शेंग वाढताना देठही थोडा वाढतो, म्हणून आत्ताचं माप अंतिम धरू नका. शेंगा तपकिरी होऊन फुटण्याआधी, साधारण दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक झाडाच्या पाच-सहा शेंगा वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते आणि पट्ट्याचा रंग जातो. पाकिटावर झाडाचा क्रमांक, जागा आणि पूर्ण तारीख शेंग आत टाकण्याआधी लिहायची, नंतर लिहू म्हटलं की पाकिटं एकमेकांत मिसळतात. पट्टा फक्त भरलेल्या, घट्ट बियांवर मोजा. सुरकुतलेली बी बाजूला काढा. प्रत्येक झाडाच्या दहा बिया मोजून झाल्या की पेन्सिल खोडून शाईने नाव लिहा.